फिलिप्सवाले, सोनीवाले आणि गाण्यांची पेटी

गिऱ्हाईक मार्का धरून बसते, ही गोष्ट व्यापारी घरांना नव्याने सांगावी लागत नाही. तेलाचा डबा त्याच छापाचा हवा, साबण त्याच नावाचा हवा, आणि चहाची पुडी बदलली की दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर तक्रार हजर. परंतु तेल-साबणाच्या मार्क्यावरून दोन शेजाऱ्यांत अबोला झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. गाणे वाजवणाऱ्या यंत्राचे तसे नाही. ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, वॉकमन आणि पुढे आयपॉड, यांपैकी आपण घेतले तेच उत्तम आणि दुसऱ्याने घेतले ते सामान्य, या एका मुद्द्यावर गल्लोगल्लीचे ओटे रंगले. जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठमोठ्या कंपन्यांनी याच वादावर अमाप पैसा कमावला आणि काहींनी तो गमावलाही.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या बाजारपेठा धुळे जिल्ह्यात मोडत होत्या तेव्हाचा हा प्रारंभ. ठाण्याच्या कारखान्यातून येणारा मर्फी, त्याच्या तोडीस तोड फिलिप्स आणि तिसरा बुश, असे तीन पक्ष त्या काळी होते. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे आणि त्याची वार्षिक फी भरावी लागे; ऐंशीच्या दशकात ती अट गेली. एवढ्या सोपस्काराने घरात आलेली वस्तू पिढीतून एकदाच घेतली जाई. मर्फीच्या जाहिरातीतील, ओठांवर बोट ठेवलेले ते गोंडस बाळ ज्या घराच्या भिंतीवर असे, त्या घराला फिलिप्सचा आवाज बारीक वाटे; आणि फिलिप्सवाल्यांच्या मते मर्फी नुसताच घुमे. वस्तुतः दोन्ही पेट्यांतून एकच केंद्र बोलत असे. तरीही वाद मिटत नसे, कारण तो आवाजाचा नव्हताच. वडिलांनी पारखून आणलेल्या रेडिओला नावे ठेवणे म्हणजे वडिलांच्या पारखीलाच नावे ठेवणे होते. व्यापारी घरात तर हा अपमान दुप्पट!

सोबत नेता येणारे यंत्र, ही शहरात हौस होती; सातपुड्याच्या कुशीत ती गरज होती. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर विजेची तार फार उशिरा पोहोचली. तेथे गाणे ऐकायचे तर ते सेलवरच. त्यामुळे आठवडे बाजारात मीठ, तेल, कापड यांच्या जोडीने सेलही खपत, आणि एव्हरेडी चांगला की निप्पो, यावरही पक्ष पडत. मिरची सुकवण्याच्या पथाऱ्यांवर, कापसाच्या गाडीवर, जत्रेच्या मुक्कामी, जेथे माणूस जाई तेथे खांद्याला पट्ट्याने अडकवलेला ट्रान्झिस्टर जाई. ‘पोर्टेबल’ या शब्दाची व्याख्या त्याला कोणी विचारली नसती.

या सर्व भांडणांत एक मेख मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही, आणि तिच्यावरच पुढचा सारा इतिहास फिरला. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एक लहानशी कॅसेट मांडली. ल्यू ऑटेन्स या डच अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बेल्जियममधील हॅसेल्ट येथे ती तयार झाली होती. अशा वस्तूवर कोणीही उत्पादक आपला हक्क सांगून प्रत्येक नगामागे स्वामित्वधन घेईल. फिलिप्सचाही विचार तोच होता. परंतु जपानच्या सोनीने घासाघीस केली, दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा धाक दाखवला, आणि अखेर फिलिप्सने कॅसेटचा परवाना विनामूल्य देण्याचे मान्य केले. अट एकच, की मापे सर्वांनी सारखी पाळावीत. स्वामित्वधनावर पाणी सोडण्याचा हा सौदा त्या क्षणी तोट्याचा दिसला असेल. थोड्याच वर्षांत जगभर एकच कॅसेट चालू लागली. फिलिप्सच्या यंत्रात सोनीची, सोनीच्या यंत्रात दिल्लीची, दिल्लीच्या यंत्रात कोणा गावठी कारागिराने भरलेली! बाजारातील वजन-मापे एक असावीत, म्हणजे दुकाने वेगळी असली तरी गिऱ्हाईक फसत नाही. तसेच हे झाले.

सोनीने त्याचा लाभ उठवला तो १ जुलै १९७९ रोजी. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकायचे होते. त्यांच्यासाठी वार्ताहरांच्या ‘प्रेसमन’ या छोट्या ध्वनिमुद्रकात फेरफार करून एक नमुना तयार झाला. ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकलेले यंत्र कोण घेणार, अशी शंका कंपनीतच होती. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी ती बाजूला सारली. किंमत ३३,००० येन, पहिली खेप ३०,००० नगांची. जुलै महिन्यात जेमतेम ३,००० खपले आणि शंकेखोरांना हायसे वाटले. ऑगस्टअखेर सारी खेप संपली. कॅसेटवर चालणारे सुमारे २० कोटी वॉकमन सोनीने पुढे विकले. आयवा, पॅनासोनिक, सान्यो, तोशिबा सगळेच रिंगणात उतरले, आणि प्रत्येकाचे भक्तगण निर्माण झाले. भारतात त्या काळी परदेशी विद्युत मालावर जबर जकात असल्याने खरा सोनी म्हणजे आखातातून आलेल्या नातलगाची भेट किंवा मुंबईच्या मनीष मार्केटची खरेदी. छोट्या गावात एका कॉलेजकुमाराकडे खरा वॉकमन असला, तर बाकीचे तो खोटा असल्याचे सिद्ध करण्यात आठवडा घालवीत.

हे भांडण निरुपद्रवी होते. सोनीवाला हरला काय किंवा पॅनासोनिकवाला, कॅसेट दोघांचीही शाबूत राही. मार्का सोडला तरी गाणी सुटत नसत, आणि म्हणूनच कंपन्यांना गिऱ्हाईक राखायचे तर आवाज, टिकाऊपणा आणि सुटे भाग यांवरच राखावे लागे. लहान गावात तर दुरुस्तीवाला हाच खरा निवाडा करी. ज्या यंत्राचा रबरी पट्टा आणि हेड त्याच्या खणात सापडे, तो मार्का गावात चाले; ज्याचा पट्टा सुरतेहून मागवावा लागे, त्याचे कितीही कौतुक असले तरी ते पाहुण्यापुरते.

कॅसेट मोकळी असल्याचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो वॉकमनपेक्षा मोठा म्हणावा लागतो. भारतात तोवर ध्वनिमुद्रित संगीत म्हणजे बहुतांशी एचएमव्ही होती. गुलशनकुमार यांच्या टी-सीरीजने ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटचा सपाटा लावला. त्यांच्या काही रीतींवर आक्षेप घेतले गेले व ते निराधार नव्हते. परंतु किंमत उतरली हे खरे. ज्या बोलींकडे मोठ्या कंपन्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यांची गाणी भरून विकणे आता छोट्या माणसाला परवडू लागले. अहिराणीतील लग्नगीते आणि आदिवासी बोलींतील नाचाची गाणी कॅसेटवर आली. घरोघरी स्तवने व प्रवचने साठू लागली. आणि कोऱ्या कॅसेटवर, टेपरेकॉर्डरचे लाल बटण दाबून, कुटुंबांनी स्वतःचे आवाज भरून ठेवले. पर्युषणात आजीने म्हटलेले स्तवन, मुलाचे बोबडे णमोकार, परगावी गेलेल्या लेकीसाठी सांगितलेला निरोप. त्या आवाजांना मार्का नव्हता.

पुढे कंपन्यांचा सूर बदलला. १९९२ मध्ये फिलिप्सने कॅसेटची डिजिटल आवृत्ती काढली आणि सोनीने मिनीडिस्क काढली. एकाची वस्तू दुसऱ्याच्या यंत्रात जात नव्हती. फिलिप्सला चार वर्षांत गाशा गुंडाळावा लागला, मिनीडिस्कचा जपानबाहेर फारसा जम बसला नाही. १९९८ मध्ये, म्हणजे नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा झाला त्याच वर्षी, कोरियातील सायहान कंपनीने एमपीथ्री वाजवणारे खिशातले यंत्र विक्रीस आणले. मोजकी गाणी मावणारे ते खेळणेच होते. सोनीने हा धोका ओळखला होता. परंतु १९८८ मध्ये तिने एक मोठी अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनी विकत घेतलेली होती. गाणी विकणाऱ्या हाताला नकलेचे भय, यंत्र विकणाऱ्या हाताला नकलेतच धंदा! या ओढाताणीत सोनीच्या नव्या वॉकमनमध्ये एमपीथ्री थेट वाजत नसे. आधी ती सोनीच्या स्वतःच्या पद्धतीत रूपांतरित करावी लागे. २००४ च्या अखेरीपर्यंत हा हट्ट चालला. एकाच पेढीतील दोन भाऊ एकमेकांच्या गिऱ्हाइकाला परत पाठवू लागले, तर शेजारच्या दुकानाला वेगळी जाहिरात करावी लागत नाही.

शेजारचे दुकान ॲपलचे होते. २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड दाखवण्यात आला. ५ जीबी, ३९९ डॉलर. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण नंदुरबारच्या मिरचीबाजारात जितकी शोभेल तितकीच येथेही शोभते. २००३ मध्ये ॲपलने गाण्यांचे स्वतःचे दुकान उघडले, एक गाणे ९९ सेंटला. सोय उत्तम, आवाज उत्तम, मात्र तेथे विकत घेतलेल्या गाण्यांना कुलूप होते. ॲपलच्या मर्जीवाचून ती दुसऱ्या कंपनीच्या खिशयंत्रावर वाजत नसत. ज्याने शेकडो गाणी घेतली, त्याला यंत्र बदलायचे तर सारा संग्रह मागे ठेवावा लागे. त्याला बाहेरून निष्ठा म्हणत. २००९ मध्ये कुलूप निघाले.

मायक्रोसॉफ्टची कथा याहून बोधक आहे, आणि थोडी करुणही. तिने आपली कुलूपपद्धत आधी अनेक यंत्रनिर्मात्यांना दिली होती. नंतर, नोव्हेंबर २००६ मध्ये, तिने स्वतःचे झून हे यंत्र काढले, आणि त्या जुन्या पद्धतीतील गाणी झूनवर वाजेनात! ज्यांनी मायक्रोसॉफ्टच्या शब्दावर गाणी घेतली, त्यांची गाणी मायक्रोसॉफ्टच्याच दाराबाहेर राहिली. तरीही झूनचे भक्त निर्माण झालेच. संख्येने थोडे, म्हणून अधिक कडवे. त्याच्या तपकिरी रंगाची थट्टा झाली की ते पेटून उठत. ३१ डिसेंबर २००८ रोजी पहाटे ३० जीबीचे झून जगभर एकाएकी बंद पडले. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस त्याच्या आतील हिशेबात बसला नव्हता. विद्युतघट पूर्ण उतरू द्यावा आणि १ जानेवारीच्या दुपारनंतर पुन्हा चालू करावे, असा उपाय कंपनीने सांगितला, आणि भक्तांनी तो निमूट केला. वर्षअखेरीचा ताळेबंद मांडणाऱ्या कोणत्याही मुनिमाला ही चूक दाखवली असती, तर त्याने कपाळावर हात मारला असता. २०११ मध्ये झूनचे उत्पादन थांबले. विजेता आयपॉडही चिरंजीव ठरला नाही. मोबाईलने त्याला गिळले आणि १० मे २०२२ रोजी ॲपलने त्याचा शेवट जाहीर केला.

या महायुद्धाचे पडसाद नंदुरबारच्या बाजारात फारसे उमटले नाहीत. तेथे आयपॉड आणि झून यांच्यात कोणी निवड केली नाही. तेथे आले ते बिनमार्क्याचे चिनी स्पीकर आणि साधे मोबाईल, आणि त्यांच्या पोटात नखाएवढे मेमरी कार्ड. मोबाईल दुकानातला मुलगा संगणकावरून कार्डात गाणी भरून देई. अहिराणी हवी तर अहिराणी, पावरी हवी तर पावरी, स्तवने हवी तर स्तवने. हा व्यवहार कायद्याने चोख नव्हता, आणि ज्यांची गाणी भरली जात त्या कलावंतांच्या पदरी त्यातून काही पडत नसे. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कार्ड या यंत्रातून काढून त्या यंत्रात घालता येई. कॅसेटचा तो जुना गुण, फिलिप्सने १९६५ च्या सुमारास नाइलाजाने मान्य केलेला, असा पुन्हा बाजारात आला.

जुन्या एचएमव्हीनेही, म्हणजे आताच्या सारेगामाने, २०१७ मध्ये कारवाँ काढला: जुन्या रेडिओसारखी पेटी आणि आत ५,००० हिंदी गाणी. त्याची मराठी आवृत्तीही आली. दिवाळीला आई-वडिलांना द्यायची भेट म्हणून तो घरोघर पोहोचला. त्याचे खरे मर्म असे की वृद्ध माणसाला त्यात काहीही शिकावे लागत नाही. आता तरुण मंडळी महिन्याचे भाडे भरून गाणी ऐकतात. भाडे थांबले की संग्रह गेला. त्यांच्यातही या ॲपचे आणि त्या ॲपचे पक्ष आहेतच.

प्रश्न उरतो तो कपाटाच्या वरच्या कप्प्यातील कॅसेटच्या डब्याचा. बाजारातील गाणी पुन्हा मिळतील. आजीचे स्तवन कोणत्याही कंपनीच्या भांडारात नाही. चुंबकीय फीत वर्षानुवर्षे पडून राहिली की कमकुवत होते, जुन्या यंत्रांचे रबरी पट्टे वितळून चिकट होतात, आणि ते बदलून देणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. अशी कॅसेट सापडली तर प्रथम तिच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जात नाही. यंत्राचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून सैल करावी, मगच वाजवावी, आणि पहिल्याच वाजवण्यात ती तारेने संगणकाला जोडून उतरवून घ्यावी. फाईल साध्या, कोठेही चालणाऱ्या पद्धतीत ठेवावी आणि तिच्या दोन प्रती दोन घरांत असाव्यात. यंत्र फिलिप्सचे असो की सोनीचे, पट्टा शाबूत असला म्हणजे झाले.