कोळशाच्या गावची मुलगी

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीच्या काठी मौदा लागते. गावाभोवती धानाची शेते आणि त्या शेतांपलीकडे औष्णिक वीज प्रकल्पाच्या उंच चिमण्या. एनटीपीसीच्या या प्रकल्पाची क्षमता २,३२० मेगावॅट आहे. कोळसा येथे येतो, जळतो आणि वीज होऊन तारांवरून दूरच्या शहरांकडे निघून जातो. अशा गावातील नववी-दहावीची एखादी मुलगी संध्याकाळी दुकानात वडिलांच्या गल्ल्याशेजारी बसून ‘द हंगर गेम्स’ वाचत असेल, तर तिला त्या कथेचा भूगोल समजावून सांगावा लागणार नाही. त्या कथेतील नायिकाही कोळशाच्या गावची आहे. तिच्या गावचा कोळसा राजधानीसाठी निघतो आणि गावात मात्र वीज असते-नसते.

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढचे दोन भाग २००९ आणि २०१० मध्ये आले, २०१२ मध्ये चित्रपट आला आणि ही कथा जगभरच्या किशोरवयीनांपर्यंत पोहोचली. अशा कथांना डिस्टोपिया म्हणतात. रामराज्याच्या नेमके उलटे, जेथे सत्ता प्रजेला भीतीच्या बळावर वाकवते, असे कल्पित राज्य त्यांत उभे केलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांना हे वाचन पसंत पडत नाही, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. या कथेत चोवीस मुले एका रिंगणात सोडली जातात आणि एकच उरेपर्यंत त्यांनी परस्परांना मारायचे असते. नायिका कॅटनिस धनुष्यबाण घेऊन शिकार करते, त्यावर घर चालवते. तिचे नावसुद्धा पाण्यातील एका खाद्य कंदावरून ठेवलेले आहे. जैन स्वयंपाकघरात या मुलीला नावापासूनच प्रवेश अवघड!

तरीही मुली हे पुस्तक खाली ठेवत नाहीत. शस्त्रे आणि थरार तर इतर शेकडो पुस्तकांत सापडतात. येथे एक सोळा वर्षांची मुलगी पदोपदी काहीतरी अनुभवते, घाबरते, संतापते, संशय घेते, कळवळते, आणि त्या त्या भावनेचा जमाखर्च तिला लगेच चुकवावा लागतो. ‘भावनेच्या आहारी जाऊ नकोस’ हे वाक्य प्रत्येक घरात मुलींना ऐकावे लागते. कोणती भावना वाट दाखवते आणि कोणती वाट चुकवते, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही. या कादंबरीत ते पानोपानी दिसते.

व्यापारी कुटुंबांनी या कथेतील एक गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचावी. कॅटनिसच्या गावात दोन वस्त्या आहेत, एक खाणकामगारांची आणि दुसरी दुकानदारांची. दरवर्षी बारा प्रांतांतून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. चिठ्ठी सर्वांच्या नावाची असते, पण सारखी नसते. ज्याच्या घरी उपासमार आहे त्याने वर्षभराच्या तुटपुंज्या धान्यतेलाच्या बदल्यात आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची, आणि या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे साचत जातात. सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झालेल्या असतात, तिचा मित्र गेल याच्या बेचाळीस. दुकानदारांच्या मुलांना असले धान्य उचलण्याची वेळ येत नाही. धान्याच्या मोबदल्यात गरिबाचे मूल गहाण ठेवणारा हा व्यवहार ज्याला उधारीची वही ठाऊक आहे त्याला चटकन कळतो.

त्याच दुकानदारांच्या वस्तीत बेकरीवाल्याचा मुलगा पीटा राहतो. कॅटनिस अकरा वर्षांची असताना तिचे वडील खाणीतील स्फोटात जातात. आई दुःखाने अशी गोठते की मुलींकडे पाहतही नाही. पावसात भिजत, उकिरडे चाळून रिकाम्या हाताने कॅटनिस बेकरीमागच्या झाडाखाली कोसळते. पीटा मुद्दाम दोन पाव जाळतो, त्याबद्दल आईचा मार खातो आणि ते जळके पाव तिच्या दिशेने फेकतो. दोघांत एक शब्दही होत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात तिला त्याची नजर भेटते, ती मान खाली घालते, आणि जमिनीवर एक पिवळे रानफूल दिसते. वडिलांबरोबर रानात वेचलेल्या भाज्या तिला आठवतात. त्या दिवसापासून घराची चूल तीच सांभाळते.

पुढे पाच वर्षे त्या दोन पावांचे ऋण तिला बोचत राहते. तिने कधी आभारही मानलेले नसतात. नेमका तोच मुलगा तिच्याबरोबर रिंगणात जातो, तेव्हा जिचे आपण देणे लागतो अशा व्यक्तीवर शस्त्र कसे धरायचे, हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहतो. कृतज्ञता ही मोठी हळवी भावना मानली जाते. येथे ती हिशेबाइतकी पक्की आहे.

धाकट्या बहिणीच्या, बारा वर्षांच्या प्रिमच्या नावाची एकुलती एक चिठ्ठी निघते, तेव्हा कॅटनिस विचार करत नाही. ती पुढे होते आणि बहिणीच्या जागी स्वतः जाते. विचार केला असता तर बहुधा पाऊल उचललेच गेले नसते. हे प्रेम वर्षानुवर्षांच्या सवयीने घडलेले आहे. रोज त्या बहिणीसाठी अन्न आणले, तिला थंडीत कुशीत घेतले, म्हणून त्या क्षणी पाय आपोआप पुढे पडले.

राग मात्र तिला तितकासा साथ देत नाही. परीक्षा घेणारे अधिकारी मेजवानीत गुंग होऊन तिच्याकडे दुर्लक्ष करतात, तेव्हा ती संतापून त्यांच्या मेजावरच्या सफरचंदावर बाण सोडते. बारापैकी अकरा गुण मिळतात. वाचक खूश होतो. पण त्या रात्री ती रडत असते, कारण याची शिक्षा आई आणि बहिणीला भोगावी लागेल ही भीती तिला नंतर सुचते. रागाला नेहमी नंतरच सुचते. संशयाचेही असेच. पीटाचा प्रत्येक चांगुलपणा तिला डाव वाटतो. हा संशय तिला सावध ठेवतो, पण एका निष्ठावंत माणसाला ओळखायला तिला फार उशीर होतो.

रिंगणात तिला रू भेटते. शेतीच्या प्रांतातील, प्रिमच्याच वयाची, पाखरासारखी हलकी मुलगी. नियमाप्रमाणे ती प्रतिस्पर्धी. कॅटनिस तिला जवळ करते, तिच्याबरोबर अन्न वाटून खाते आणि झोपताना तिला ऊब देते. रू मारली जाते. मारणाऱ्या मुलावर कॅटनिसचा बाण त्याच क्षणी सुटलेला असतो. ती हिंसा कथा झाकत नाही आणि तिचा गौरवही करत नाही. श्रावकाच्या आचारविचारात विरोधी हिंसेची जी चर्चा आहे, ती येथे आठवणे स्वाभाविक आहे. त्यानंतर कॅटनिस जे करते त्याला रिंगणात काहीच उपयोग नाही. ती रूच्या देहाला फुलांनी झाकते. वेळ जातो, धोका वाढतो, हाती काही लागत नाही.

लागते, पण नंतर. रूच्या प्रांतातील अर्धपोटी लोक आपल्या घासातून पैसे काढून कॅटनिसला एक पाव पाठवतात. परक्या प्रांताच्या मुलीला अशी भेट यापूर्वी कोणी पाठवलेली नसते. पुढे एका मुलीची सुरी कॅटनिसच्या चेहऱ्यापाशी असताना रूच्याच प्रांतातील थ्रेश नावाचा धिप्पाड मुलगा तेथे पोहोचतो. सहज मारता येत असताना केवळ रूसाठी म्हणून, एकदाच म्हणून, तो कॅटनिसला सोडतो. संपूर्ण कथेत तिचे प्राण ज्या गोष्टींनी वाचतात त्यांत करुणेचा वाटा धनुष्याहून कमी नाही.

राजधानीला या साऱ्या भावना विकायच्या असतात, हीदेखील कथेतील एक बोचरी बाजू आहे. खेळ पडद्यावर दाखवला जातो, श्रीमंत प्रेक्षक आवडत्या मुलाला पैसे खर्चून मदत पाठवतात. जखमी पीटाशी कॅटनिस प्रेमाने वागली की वरून गरम रस्सा येतो, कोरडी वागली की काहीच येत नाही. आपले खरे वाटणे कोणते आणि दाखवण्यासाठीचे कोणते, हे शेवटी तिचे तिलाच समजेनासे होते. मोबाइलवर रोज स्वतःची छायाचित्रे टाकून दाद मोजणाऱ्या मुलींना हे प्रकरण मोठ्या माणसांपेक्षा चांगले समजते, आणि त्यावर त्यांच्याशी बोलता येते.

ज्या वर्षी ‘द हंगर गेम्स’ आली, त्याच २००८ मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची ‘एस्केप’ ही इंग्रजी कादंबरी भारतात प्रसिद्ध झाली. ती प्रौढांसाठी आहे. स्त्रियाच नाहीशा केलेल्या एका प्रदेशात मीजी नावाची एकच मुलगी उरली आहे, तिच्या काकांनी तिला लपवून वाढवले आहे, आणि धाकटा काका तिला मुलाच्या वेशात त्या प्रदेशाबाहेर नेतो आहे. हे कल्पित फार दूरचे नाही. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम महाराष्ट्राला करावा लागला. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात देशात हजार मुलांमागे ९२७ मुली होत्या, जैन समाजात ८७०. मुंगीवरही पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या समाजाला हा आकडा वाचताना कोणत्या भावनेने वाचावा हे कोणी शिकवायला नको.

भावना या शब्दाचा जैन परंपरेतील अर्थ येथे उपयोगी पडतो. व्यवहारातील मराठीत भावना म्हणजे मनात उसळणारी लहर. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात मात्र पुन्हा पुन्हा चिंतून मनात रुजवायच्या गोष्टी येतात. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य आणि विपरीत वागणाऱ्यांविषयी माध्यस्थ्य. लहर येते आणि जाते. रुजवलेली भावना अडचणीच्या वेळी कामाला येते. कॅटनिसला हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही, पण तिच्या कथेचा तिसरा भाग, ‘मॉकिंगजे’, या दृष्टीने वाचला तर निराळा दिसतो.

त्या भागात उठाव होतो, युद्ध होते, आणि ज्या बहिणीसाठी हे सारे सुरू झाले ती प्रिमच जखमी मुलांची शुश्रूषा करताना बॉम्बस्फोटात मरते. विजयी पक्षाची नेता, कॉइन, आता पराभूतांच्या मुलांना त्याच रिंगणात पाठवण्याचा प्रस्ताव मांडते. कॅटनिस त्याला होकार देते. तो सूडाचा होकार होता की डावाचा, यावर वाचकांचे वाद अजून संपलेले नाहीत. पण जुन्या सत्ताधीशावर सोडायचा बाण ती अखेरच्या क्षणी कॉइनवर सोडते.

यानंतर ती उद्ध्वस्त गावी परतते आणि तिचे सारे वाटणेच थांबते. ती खात नाही, हलत नाही, आईचे जसे झाले होते तसेच. शेजारची एक म्हातारी रोज येऊन तिच्यासाठी रांधते. मग एके दिवशी प्रिमचे मांजर, जे कॅटनिसला कधीच आवडले नव्हते, मैलोगणती चालून घरी येते. ती त्याच्यावर ओरडते, त्याला हाकलते, प्रिम मेली आहे असे त्याला सांगते, आणि सांगता सांगता तिला रडू फुटते. रात्री ते मांजर तिच्या उशाशी बसून राहते. श्वेतांबर परंपरेतील चंदनबालेची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना अश्रूंचे मोल वेगळे सांगायला नको. लूट, बाजारातील विक्री, मुंडन, बेड्या हे सारे सोसलेल्या त्या राजकन्येच्या डोळ्यांत पाणी नाही म्हणून भगवान महावीर परत फिरले, आणि पाणी आले तेव्हा पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासाचे पारणे तिच्या सुपातील उडदांनी झाले. पुढे हीच चंदना ३६,००० साध्वींची प्रमुख झाली. दोन्ही कथांची पातळी एक नाही आणि त्यांची तुलनाही करायची नाही. पण दोन्हीकडे अश्रू येणे हा दुबळेपणा ठरत नाही.

पीटा परत येतो आणि तिच्या घराच्या कडेने प्रिमच्याच नावाची फुलझाडे लावतो. दुःस्वप्ने मात्र पुढेही येत राहतात. वाईट दिवशी कॅटनिस एक खेळ खेळते. कोणाही माणसाने केलेले, आपण डोळ्यांनी पाहिलेले प्रत्येक चांगले कृत्य ती मनात ओळीने मोजते. वर्षानुवर्षे तेच ते. प्रमोदभावनेचा याहून साधा पाठ किशोरवाङ्मयात क्वचितच सापडेल.

पालकांनी पहिले पुस्तक आधी स्वतः वाचावे आणि मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला द्यावे. तिसरे अधिक भीषण आहे, त्यासाठी दोन वर्षे थांबले तरी काही बिघडत नाही. आणि ते वाचताना मुलगी अखेरच्या प्रकरणांशी, मांजर घरी येते त्या ठिकाणी पोहोचली, तर दुकान थोडे लवकर वाढवून कोणीतरी तिच्याजवळ बसावे.