गाण्याला आलात की खानेसुमारीला?

गाण्याच्या बैठकींना हल्ली एक चमत्कारिक श्रोता दिसू लागला आहे. षड्ज लागतो न लागतो तोच हे गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, "खाँसाहेब गातात ठीक, पण आपल्यातले नव्हेत हो!"

आपल्यातले म्हणजे कोणातले? भास्करबुवा बखले शिकले नथ्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्यापाशी. अब्दुल करीमखाँ १९३७ साली वारले. त्यांचे गाणे पुढे नेले ते कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी. मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते, तिथे हिंदू गवई हजेरी लावणे भाग्याचे समजतात. आणि ज्या तंबोऱ्यावर अभंग ऐकून हे गृहस्थ डोळे पुसतात, तो बहुधा मिरजेच्या शिकलगारांच्या हातचा! (पूर्वी हत्यारांना धार लावणारी ही मंडळी, २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.) गाणेच निषिद्ध मानणारे सोवळे पलीकडेही आहे, त्याला भीक न घालताच हे उस्ताद गायले.

कुणी म्हणेल, सहन करून घ्यावे. सहन? ज्याच्याकडून विद्या घेतली त्याला सहन करायचे?

संगीत मंडळांच्या चिटणीसांना एवढेच सांगणे: "अमक्याला बोलावू नका" अशी पत्रे आली, तर खुशाल टोपलीत टाका. वर्गणी परत मागितली, तर रोख मोजून द्या.