कागद खुंटीवरून सुटला पाहिजे

संगणकावर सचेतनपट काढण्याच्या साधनांत नित्य नवी भर पडत आहे. रंग आपोआप भरतो, रेघ आपोआप गुळगुळीत होते. आता तर दोन चित्रांमधले चित्रही यंत्रच काढील, अशी ग्वाही दिली जाते. परंतु रेखाटनाचा काटेकोरपणा जिच्यावर अवलंबून आहे, ती चित्रावर चित्र जुळवून पाहण्याची सोय अनेक ठिकाणी सावत्र मुलासारखी वागवली जाते. ही उपेक्षा असमर्थनीय आहे.

जुळणीची कला संगणकाहून जुनी आहे. प्रत्येक कागदाला ठरावीक भोके पाडून तो पट्टीवरील खुंट्यांत बसवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः राऊल बारे यांना दिले जाते. १९१४ च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. खुंटीमुळे शेकडो चित्रे एका जागी स्थिर राहिली. तथापि कुशल चित्रकार ती खुंटी सोडण्यासही शिकला. मान डावीकडून उजवीकडे वळते, तेव्हा दोन मुख्य चित्रांतील डोकी एकमेकांपासून दूर पडतात आणि मधला आकार डोळ्याला नेमका तोलता येत नाही. म्हणून तो कोऱ्या कागदावर डोक्याची मधली जागा खुणावी, दोन्ही मुख्य कागद खुंटीवरून काढून त्या खुणेवर सरकवी, मधले चित्र रेखाटी आणि सारे कागद पुन्हा खुंटीवर चढवी.

‘मागच्यापुढच्या चित्रांची फिकट छाया संगणक दाखवतोच, मग आणखी काय हवे?’ असा आक्षेप घेतला जातो. छाया दिसते खरी. पण ती हलत नसेल, तर चित्रकाराच्या हाती निम्मीच सोय आली.

दुसरा पक्ष म्हणतो, यंत्र मधले चित्र काढू लागल्यावर जुळणी हवी कशाला? पण मान वळताना पहिल्या चित्रात नसलेला कान दुसऱ्यात प्रकट होतो, हनुवटी सरळ रेषेत न जाता कमानीतून जाते. हा केवळ दोन बिंदूंची सरासरी काढण्याचा प्रश्न नव्हे, तो निर्णयाचा प्रश्न आहे. आणि निर्णय करणाऱ्यास दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहता आल्याच पाहिजेत.

सेकंदाला २४ चौकटी आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी धरले, तर दहा सेकंदांच्या दृश्यात एका पात्राची १२० चित्रे होतात. जुळणीच्या खटपटीत चित्रामागे एकच मिनिट गेले, तरी दोन तास वाया गेले.

मागणी मोजकी आहे. प्रत्येक छाया स्वतंत्रपणे सरकवता व फिरवता यावी. ती स्थिती त्या चित्रापुरती जतन व्हावी, म्हणजे उद्या काम तेथूनच पुढे चालेल. एका कळीसरशी सारे खुंटीवर परतावे. आणि मुख्य अट ही की, मूळ चित्र तिळमात्र बदलू नये. पुरावा न्यायालयापुढे मांडावयाचा असतो, त्यात फेरफार करावयाचा नसतो.

हे अशक्य म्हणावे, तर उदाहरणे समोर आहेत. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने वापरलेल्या इटालियन ‘टून्झ’ची ‘ओपनटून्झ’ ही आवृत्ती २०१६ साली सर्वांस विनामूल्य खुली झाली; तीत ‘शिफ्ट अँड ट्रेस’ हे साधन आहे. फ्रान्सच्या ‘टीव्हीपेंट’मध्येही तशी सोय आहे. जे दोघांना साधले, ते इतरांनी ऐच्छिक भूषण मानू नये. कागदाने चित्रकाराला दिलेले स्वातंत्र्य संगणकाने हिरावून घेणे, याला प्रगती म्हणता येणार नाही.