काडतुसाला चरबी का लागत होती?

१/ धामणगाव बढे ज्या वऱ्हाडात मोडते, तो वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेला. त्याच्या महसुलावर पोसलेली हैदराबाद कंटिन्जंट ही फौज १८५८ मध्ये मध्य हिंदुस्थानातील उठाव मोडण्यासाठी लढली. काडतुसाच्या चरबीने तो उठाव पेटला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण चरबी मुळात लागत का होती, हे क्वचितच सांगितले जाते.

२/ काळ्या दारूत सोरा सुमारे ७५ भाग, कोळसा १५ आणि गंधक १०. ती जळाल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. नळीत साचलेला हा मळ हवेतील ओल शोषतो आणि लोखंड गंजवतो. तो नुसत्या तेलाने निघत नाही. गरम पाणी, गजाला गुंडाळलेली चिंधी आणि कोरडे केल्यावर तेलाचा हात, हाच त्यावरचा उपाय.

३/ तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी नळीहून लहान. त्यामुळे मळ साचला तरी गोळी खाली उतरे आणि सफाईही सोपी जाई. नेम मात्र कच्चा राही. नळीत मळसूत्री चरे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरते आणि नेम सुधारतो. पण मळ त्याच चऱ्यांत बसतो व काही बारांनंतर गोळी ठासणे जड जाते.

४/ १८०० च्या बेकर रायफलीत सात चरे होते. १८५३ च्या एन्फिल्डमध्ये तीनच, रुंद व उथळ. तिची पोकळ बुडाची गोळी सैल उतरे आणि बार उडताच फुगून चऱ्यांत बसे. मळ मऊ राहावा म्हणून काडतुसाला वंगण लावत.

५/ म्हणजे गरज वंगणाची होती, गाय-डुकराच्या चरबीची नव्हे. चरबी कोणत्या जनावराची, याची दक्षता पुरवठ्याच्या वेळी घेतली गेली नाही. जानेवारी १८५७ च्या अखेरीस सरकारनेच शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरण्याची मुभा दिली. पर्याय होता, हे त्यावरूनच सिद्ध होते. मात्र तोवर विश्वास उडाला होता.

६/ म्हणून शिपायांच्या आक्षेपाला ‘अंधश्रद्धा’ म्हणणे अन्यायाचे आहे. अडाणीपणा होता तो बंदुकीचा विचार करताना ती हाताळणाऱ्या माणसाला विसरणाऱ्यांचा. संग्रहालयांतील पाट्या दस्त्यावरची नक्षी वर्णन करतात. नळीच्या आत काय आहे, हेही त्यांनी एका ओळीत सांगावे.