जनावराचे शेवटचे दिवस कोण मोजणार?

मा. संपादक,

अमेरिकेतल्या गोमांसाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. तिथल्या जनावरांच्या खाद्यात मिसळली जाणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे माणसाच्या ताटात वाढलेले विष, असा त्याचा सूर आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मी पुढची नोकरी टेक्सासच्या फीडलॉटमध्ये, म्हणजे कत्तलीआधी जनावरे खुराकावर वाढवतात त्या गोठ्यात, केली. लेखकाचा राग मी समजू शकतो, पण तो भलत्याच ठिकाणी निघाला आहे.

मोनेन्सिन या औषधाचे उदाहरण घ्या. १९७५ पासून ते अमेरिकेतल्या मांसाच्या जनावरांना दिले जाते. कोठीपोटातल्या काही जिवाणूंना ते आवरते. त्यामुळे तेवढीच वाढ कमी खाद्यात होते आणि मक्याच्या भारी खुराकावर पोटफुगीलाही थोडा आळा बसतो. माणसांच्या उपचारात हे औषध वापरत नाहीत. युरोपने २००६ पासून वाढीसाठी तेसुद्धा बंद केले, तरी मोनेन्सिनवर माझा आक्षेप नाही. माणसांना लागणारी प्रतिजैविके नुसत्या वाढीसाठी देण्याची गोष्ट वेगळी. ती पद्धत अमेरिकेने २०१७ पासून थांबवली, भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, आणि दोन्ही निर्णय योग्यच होते.

माझा खरा आक्षेप बीटा-अ‍ॅगोनिस्टवर आहे: रॅक्टोपामिन आणि झिलपॅटेरॉल. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल याच कुळातले. ही औषधे कत्तलीआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत देतात. झिलपॅटेरॉल वीस ते चाळीस दिवस. खाल्लेले अन्न चरबीकडे न जाता स्नायूंकडे वळते आणि एका जनावरामागे दहा-पंधरा किलो मांस जास्त मिळते. हा फायदा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण ते मांस थोडे चिवट होते, आणि सहाशे किलोंच्या पुढे गेलेले, आधीच जड झालेले जनावर टेक्सासच्या उन्हात आणखी स्नायू वाहत उभे असते.

ऑगस्ट २०१३ मध्ये टायसन या मांस कंपनीने पुरवठादारांना कळवले की झिलपॅटेरॉल दिलेली जनावरे ती यापुढे घेणार नाही. कारखान्यात येणाऱ्या काही जनावरांना चालणे कठीण जात होते, काहींना हलताही येत नव्हते. मांस खाण्यास सुरक्षित आहे, प्रश्न जनावरांच्या हालांचा आहे, हेही कंपनीने स्पष्ट केले होते. औषध बनवणाऱ्या मर्कने दोष आपल्या औषधाचा नाही असे सांगितले, तरी त्याच महिन्यात अमेरिका आणि कॅनडातली विक्री थांबवली. पशुकल्याणाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी अशी लंगडणारी, उन्हाने बेजार झालेली जनावरे पाहिल्याचे उघड सांगितले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही औषधे दिलेल्या कळपांमध्ये मरतुक ७५ ते ९० टक्क्यांनी जास्त आढळली. फीडलॉटमध्ये शेवटच्या टप्प्यात मुळात फार थोडी जनावरे मरतात, हे खरे. पण जास्तीची जी मेली, त्यांचा हिशेब मंजुरीच्या वेळी कुणी मागितला होता?

इथेच नियमांचा दोष दिसतो. मांसात औषधाचा अंश किती उरतो आणि तो माणसाला बाधतो का, याभोवतीच सगळी चर्चा फिरते. २०१२ मध्ये रोममध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने रॅक्टोपामिनची मर्यादा ६९ विरुद्ध ६७ मतांनी ठरवली, तेव्हाही वाद अंशाचाच होता. जनावर उभे राहू शकते का, हे शेवटी खरेदीदाराने पाहिले. झिलपॅटेरॉलची मंजुरी सरकारने काढून घेतली नाही. बाजाराने ते बाजूला सारले. बाजाराचे मन उद्या पालटले तर?

आपल्याकडे याहून चांगला दाखला आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मेली, म्हणून भारताने २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद केले. त्या निर्णयामागे माणसाच्या ताटाची भीती नव्हती. दुसऱ्या जिवावर काय परिणाम होतो, एवढे कारण सरकारला पुरले. गाई-म्हशी सांभाळणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून माझी मागणी आहे की वाढीसाठीच्या कोणत्याही औषधाला, अमेरिकेत असो वा भारतात, परवानगी देण्याआधी कंपनीने खऱ्या गोठ्यांतली, भर उन्हाळ्यातली आकडेवारी द्यावी: किती जनावरे लंगडली, किती बसली ती उठलीच नाहीत, किती मेली. परवानगीनंतरही ही नोंद दरवर्षी जाहीर व्हावी, आणि आकडे वाढले तर खरेदीदाराची वाट न पाहता सरकारनेच परवानगी मागे घ्यावी.

— एक निवृत्त पशुवैद्यक, अमरिलो (टेक्सास)