येत्या गणपतीत जाखडी बघाच

गौरी-गणपतीला चाकरमानी गावी उतरले की कोकणातल्या आंजर्ले-दापोलीच्या पट्ट्यात जाखडी या लोकनृत्याचे फेर सुरू होतील. आंजर्ल्यातल्या कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेऊन लगेच परतीची गाडी धरू नका. रात्री थांबा. मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला बसतात, भोवती पोरं फेर धरतात. तुम्ही त्यांच्या पायांकडे बघा. एका पायात चाळ बांधलेला. तो पाय सारवलेल्या अंगणात आपटतो, गुडघा वाकतो, अंग गर्रकन वळतं आणि लय कितीही चढली तरी सगळ्यांच्या चाळांचा आवाज एकच येतो. शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष सवाल-जवाबाला बसले की पहाट कधी झाली ते कळत नाही. अशा लोककलेचं मोल मोठ्या कलावंतांनीही ओळखलं. नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभा केला, रामायणातली पात्रं कठपुतळ्यांच्या चालीनं नाचवली, तेव्हा त्यांनीही लोककलेकडूनच घेतलं होतं. तरी बॅले म्हणजे कला आणि जाखडी म्हणजे नुसता बाल्या नाच, असं आपलीच माणसं म्हणतात तेव्हा फार लागतं. दिवसभर राबून जाखडीची ही पोरं रात्री तालमी करतात. अंगणात पुढची जागा हवी असेल तर जेवणं लवकर उरका.