लहान भाषांची पुस्तके कोणी छापावीत?

जगात आज सुमारे ७,००० भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी ७०० हून अधिक भाषांत संपूर्ण बायबल उपलब्ध आहे आणि त्याचा काही ना काही भाग ३,५०० हून अधिक भाषांत उतरला आहे. या कार्यामागे धर्मप्रसाराचा हेतू आहे, हे उघडच आहे. त्याविषयी मतभेद असणेही स्वाभाविक आहे. परंतु हेतूच्या वादात या उद्योगाचे अर्थकारण मात्र दुर्लक्षिले जाते.

काही हजार लोकांच्या भाषेत पुस्तक काढणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. लिपी ठरवावयाची, व्याकरण व शब्दकोश रचावयाचा, वाचक घडवावयाचा आणि मग छापावयाचे; हा खर्च विक्रीतून भरून निघत नाही. बाजार जिकडे ढुंकूनही पाहत नाही तेथे मिशनरी पोहोचले, कारण त्यांच्या पाठीशी परताव्याची अपेक्षा न ठेवणाऱ्या देणग्या होत्या.

जॉन एलियट याने मॅसॅच्युसेट या आदिवासी भाषेत केलेले संपूर्ण बायबल १६६३ साली छापून झाले. उत्तर अमेरिकेत छापलेले ते पहिले बायबल. पैसा इंग्लंडमधून आला. खिळे जुळविण्यास जेम्स प्रिंटर हा निपमुक जमातीचा तरुण होता. पण १६७५ साली युद्ध पेटताच वसाहतवाल्यांनी याच ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना बोस्टनजवळील डियर बेटावर डांबले. थंडीने व उपासमारीने त्यांतील अनेक दगावले. पुस्तक हाती आले, जमीन गेली. आणि एकोणिसाव्या शतकात ती भाषा बोलणारेही उरले नाहीत. पुढे १९९३ पासून वाम्पानोआग समाजातील जेसी लिटल डो बेअर्ड यांनी त्याच बायबलाच्या व जुन्या कागदपत्रांच्या आधारे ती भाषा पुन्हा बोलती करण्याचे काम हाती घेतले.

तात्पर्य, ग्रंथ भाषेला जपून ठेवतो, जगवीत नाही. विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ यांच्या साह्याने केलेला मराठी नवा करार १८११ साली सेरामपूरला मोडी लिपीत निघाला. परंतु मराठी काही त्याच्या आधारावर तगली नाही. तिच्यामागे संतवाङ्मय होते, दफ्तरे होती, कोट्यवधींचा व्यवहार होता. कोरकू, कोलामी, गोंडी यांच्या वाट्याला असा व्यवहार आलेला नाही. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून राज्यांना सांगत आले आहे. ही पाठ्यपुस्तके किफायतशीर ठरणार नाहीत, हे खरे. पण जे बाजाराला परवडत नाही आणि समाजाला हवे असते, त्यासाठीच तर सरकारी तिजोरी असते.

मिशनऱ्यांच्या हेतूवर बोट ठेवणे सोपे आहे. परंतु मेळघाटातील मुलाच्या हाती त्याच्या भाषेतले गणिताचे, आरोग्याचे, कायद्याचे पुस्तक जोवर आपण देत नाही, तोवर ‘त्याला त्याच्या भाषेत धर्मग्रंथच का दिला?’ हे विचारण्याचा आपला अधिकार लंगडाच राहील.